भेंडीचा हळद्या आणि पेरॉक्सिडेजचे फिरणारे आकडे

"मॅडम, मागच्या वेळी रोगट पानात पेरॉक्सिडेज निरोगी पानाच्या दुप्पट आलं होतं. या वेळी निम्मं आलंय. कुठलं लिहू?"

जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा उठली की आमच्याकडे एम.एस्सी.च्या प्रकल्पांना वेग येतो, आणि मार्चच्या सुमाराला हा प्रश्न वही घेऊन दारात उभा राहतो. मुलं बदलतात. पीक कधी भेंडी असतं, कधी मिरची, कधी मूग. प्रश्न मात्र तोच. विषाणू लागलेल्या झाडात पेरॉक्सिडेजसारखं एन्झाइम, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं विकर, किती वाढतं किंवा घटतं आणि त्याचा रोगप्रतिकाराशी काय संबंध, हा विषय सोलापुरातल्या छोट्या प्रयोगशाळेलाही झेपणारा आहे. द्रावणाचा रंग मोजणारा एक स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि अर्क गरगर फिरवून गाळ वेगळा करणारं एक थंड सेंट्रिफ्यूज असलं की काम सुरू होतं. म्हणूनच तो इतके जण घेतात आणि इतके जण त्यात अडकतात.

माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: अजून कुठलाच आकडा लिहू नका. मशीनने दोन्ही आकडे बरोबर दिले असतील. पण ते विषाणूबद्दल काही सांगतायत, की उन्हाबद्दल, की खलात पान वाटताना गेलेल्या दहा मिनिटांबद्दल, हे अजून ठरलेलं नाही. पुढे जे लिहितेय ते भेंडीच्या हळद्यावरून लिहितेय. शिरा पिवळ्या पडून पानावर जाळं उमटतं तो रोग. आपल्याकडे कुणी त्याला केवडाही म्हणतं. मिरची-टोमॅटोच्या बोकड्याला, म्हणजे पानं आकसून वळण्याच्या रोगाला, यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

झाडात विषाणू खरंच गेलाय का?

सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती पहिल्याच आठवड्यात होते. जुन्या प्रयोगवहीत तंबाखूच्या मोझॅक विषाणूची पद्धत दिलेली असते: रोगट पानाचा रस काढा, निरोगी पानावर कार्बोरंडमची पूड भुरभुरा, बोटाने रस चोळा. तंबाखूचा विषाणू असा सहज जातो. भेंडीच्या हळद्याचा विषाणू रस चोळून जात नाही. तो पांढऱ्या माशीतून जातो, कलमातून जातो. मग मुलं भेंडीची पानं चोळतात, तीन दिवसांनी तपासतात, पेरॉक्सिडेज वाढलेलं दिसतं आणि "संसर्गानंतर वाढ" असं लिहून मोकळी होतात. ती वाढ खरडलेल्या पानाची असते. जखम झाली की झाड पेरॉक्सिडेज वाढवतं, विषाणू असो नसो.

माशीतून संसर्ग करायचा तर पुढची अडचण येते. पांढरी माशी सोंड खुपसून रस शोषते, तेवढ्यानेही हीच एन्झाइमं हलतात. म्हणून तीन गट लागतात: हात न लावलेली झाडं, बिनविषाणूच्या माश्या सोडलेली झाडं आणि विषाणू घेतलेल्या माश्या सोडलेली झाडं. दुसरा आणि तिसरा गट यांच्यातला फरक हाच विषाणूचा. पहिल्याशी तुलना करून निष्कर्ष काढू नका. माश्या वेगळ्या पिंजऱ्यात वाढवा आणि त्यांतल्या मूठभर पीसीआरने, म्हणजे विषाणूचा डीएनए ओळखणाऱ्या चाचणीने, तपासून घ्या. पिंजऱ्याची जाळी पन्नास मेशची, म्हणजे इंचाला पन्नास भोकांची, हवी. मच्छरदाणीतून पांढरी माशी आरामात पार होते, आणि मग निरोगी गटातली चार झाडं महिन्याभराने पिवळी होतात.

निरोगी दिसणाऱ्या झाडांचीही पीसीआर करा. हा विषाणू बेगोमोव्हायरस या पांढऱ्या माशीतून पसरणाऱ्या डीएनए-विषाणूंच्या गटातला आहे. त्याच्याबरोबर बीटासॅटेलाइट नावाचा, त्याच्या साधारण निम्म्या लांबीचा डीएनएचा गोल तुकडा असतो आणि तो असल्याशिवाय शिरांचं ते ठसठशीत पिवळेपण येत नाही. त्यामुळे पान हिरवं आहे म्हणजे विषाणू नाही, असं धरून चालू नका.

पान तोडल्यापासून खलापर्यंत

आम्ही बरीच वर्षं सोलापूरजवळच्या तिऱ्हे गावाच्या बाजूला, सीना नदीकाठच्या एका काकांच्या रानातून पानं आणायचो. सकाळी सातला तोडलेलं पान आणि दुपारी दोनला तोडलेलं पान ही एन्झाइमच्या हिशेबात दोन वेगळी पानं आहेत. आपल्या एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जातो. तो ताण झाडाला एकट्यानेही पुरतो आणि पेरॉक्सिडेज, कॅटॅलेज, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज सगळीच त्याने हलतात. एक वेळ ठरवा आणि ती मोडू नका. शेंड्याकडून तिसरं पूर्ण उघडलेलं पान ठरवलं असेल तर सगळ्या झाडांचं तिसरंच. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तोडायचं ठरलं तर दर वेळी दुसऱ्याच दिवशी.

पानं फॉइलमध्ये गुंडाळून थर्मोकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवा. पान थेट बर्फाला टेकू देऊ नका. टेकलेली जागा काळी पडते आणि खराबी तिथेच सुरू होते.

फ्रीझरचं वेगळं सांगते, कारण त्यात आमचा एक अख्खा हंगाम गेला. शनिवारी रात्री वीज गेली, रविवारी कधीतरी आली, सोमवारी सकाळी पिशव्या कडक गोठलेल्या होत्या. कुणालाच काही कळलं नाही. पान एकदा वितळलं की पेशींतले कप्पे फुटतात, फेनॉल नावाची रसायनं आणि एन्झाइम एकत्र येतात. पुन्हा गोठलं तरी झालेलं नुकसान भरून येत नाही. तेव्हापासून फ्रीझरमध्ये एक छोटी बाटली ठेवतो. तिच्यात पाणी गोठवलेलं आणि वर रुपयाचं नाणं. नाणं वर असेल तर ठीक. नाणं बर्फाच्या आत किंवा तळाशी दिसलं की त्या कप्प्यातले नमुने बाद.

चिकट आणि तपकिरी

भेंडीचं पान वाटताना पहिल्यांदा हात लावणारा प्रत्येक जण थबकतो. बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, घालून खलात वाटलं की लगदा बत्त्याबरोबर तार धरून वर येतो. पिपेटच्या टोकाला लोंबणारी ती तार तुटत नाही, शंभर मायक्रोलिटर म्हणून सत्तर येतात, पुढच्या वेळी एकशेवीस. तीन वाचनं तीन दिशांना जातात त्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे. एक ग्रॅम पानाला चार मिलिलिटर बफर या पिकाला पुरत नाही, दहा घ्या. चार पदरी मलमलीतून गाळा, चार अंश सेल्सिअसवर १२,००० जी वेगाने वीस मिनिटं फिरवा, वरचं निवळ काढून पुन्हा एकदा फिरवा. पिपेट हळू ओढा आणि टोक बाहेरून पुसा.

दुसरी खूण रंगाची. निरोगी पानाचा अर्क हिरवट-पिवळा राहतो आणि रोगट पानाचा बघता बघता तपकिरी होतो. रोगट पानात फेनॉल जास्त असतात, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हवेच्या साथीने त्यांचे क्विनोन बनवतं आणि क्विनोन प्रथिनांना चिकटून एन्झाइमच मारून टाकतात. "या वेळी निम्मं आलं" याचं उत्तर मला बहुतेक वेळा याच नळीत सापडलंय. बफरमध्ये एक टक्का पीव्हीपी (फेनॉल पकडून ठेवणारी पूड) घाला, खल-बत्ता आधी फ्रीझरमध्ये थंड करा, एका वेळी एकच पान वाटा. तपकिरीपणा टाळायला काही जण अॅस्कॉर्बिक आम्ल घालतात. ग्वायकॉलने, म्हणजे पेरॉक्सिडेजमुळे रंग धरणाऱ्या रसायनाने, पेरॉक्सिडेज मोजायचं असेल तर ते घालू नका. बनलेला रंग ते परत उतरवतं आणि सुरुवातीचा वेग खोटा कमी दिसतो. अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज या वेगळ्या एन्झाइमच्या अर्काला मात्र ते लागतंच, म्हणून दोन अर्क वेगळे काढा.

शंका असेल तर एक चाचणी नक्की करा. माझ्या मते या सगळ्या पोस्टमधली सर्वांत कामाची हीच. निरोगी आणि रोगट अर्क निम्मे-निम्मे मिसळा आणि मोजा. दोघांची सरासरी यायला हवी. सरासरीच्या बरंच खाली आलं तर रोगट अर्कात एन्झाइमला अडवणारं काहीतरी आहे आणि तुमचं "निम्मं" खोटं आहे. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्याने प्रबंधाचं एक प्रकरण वाचू शकतं.

ऊन प्रयोगशाळेतही असतं

एन्झाइमचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, ते एन्झाइम मोडायला लागेपर्यंत. सकाळी खोली २७ अंशांवर, दुपारी ३७ वर. निरोगी नमुने सकाळी आणि रोगट दुपारी मोजले की "दुप्पट" तयार. वॉटर बाथ ३० अंशांवर लावलाय, असं मुलं सांगतात. पण साधा वॉटर बाथ फक्त तापवतो, गार करत नाही. टाकीचं पाणीच ३६ अंश असेल तर काट्यावर ३० लिहून काही होत नाही. बर्फ घालून तापमान आणा, थर्मामीटर क्युवेटच्या (मोजणीच्या पारदर्शक डबीच्या) शेजारच्या नळीत बुडवून वाचा आणि निरोगी-रोगट नमुने आलटून पालटून मोजा.

ग्वायकॉलचा रंग ४७० नॅनोमीटरला मोजतात आणि हिशेबात २६.६ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर हा आकडा धरतात. पहिल्या मिनिटाची रेघ सरळ आहे का, ते बघा. रोगट अर्कात एन्झाइम इतकं असू शकतं की झाकण लावेपर्यंत रंग चढून रेघ आडवी झालेली असते आणि मग तो निरोगी अर्काइतकाच दिसतो. अर्क निम्मा घेतला की वेग निम्मा व्हायला हवा. होत नसेल तर आणखी पातळ करा.

हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आपल्या उन्हाळ्यात लवकर मरते. दहा मिलिमोलर द्रावण करून क्वार्ट्झच्या क्युवेटमध्ये २४० नॅनोमीटरला वाचा, ०.४ च्या आसपास यायला हवं. ०.२ आलं तर बाटलीवर लिहिलेलं तीस टक्के पंधराच टक्के उरलंय. कॅटॅलेज "घटलं" असं लिहिण्याआधी एवढं बघाच. उकळलेल्या अर्काचा ब्लँक (तुलनेसाठीचा, एन्झाइम मेलेला नमुना) घेत असाल तर पूर्ण दहा मिनिटं उकळा आणि त्याच दिवशी वापरा. पेरॉक्सिडेज मोठं चिवट असतं, थोडक्यात उकळलं तर थंड झाल्यावर काही प्रमाणात परत जिवंत होतं.

कशाने भागलं?

समजा निरोगी पानात ग्रॅममागे २०० एकक क्रिया आणि दहा मिलिग्रॅम प्रथिन आहे. रोगट पानात १५० एकक आणि सहा मिलिग्रॅम. ग्रॅमने भागलं तर क्रिया २०० वरून १५० वर घटली. प्रथिनाने भागलं तर २० वरून २५ वर वाढली. एकाच दिवसाचा, एकाच अर्काचा हा निकाल, आणि एक प्रबंध "घट" म्हणतो, दुसरा "वाढ". पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनाचा निम्म्यापर्यंतचा वाटा रुबिस्को या एकाच एन्झाइमचा असतो. पान पिवळं पडताना ते आधी मोडतं, म्हणून भाजक लहान होतो. दोन्ही प्रकारे द्या, प्रथिनाचे आकडेही तक्त्यात द्या. प्रथिन मोजायला ब्रॅडफर्डची पद्धत वापरा. लॉरीच्या पद्धतीत फेनॉलसुद्धा प्रथिन म्हणून मोजले जातात आणि रोगट पानात तेच जास्त असतात.

आकडे बसले. आता ते काय म्हणतात?

इथे मला खरी काळजी वाटते. कारण आकडे स्थिर झाल्यावर मुलं एक वाक्य लिहितात, "पेरॉक्सिडेज वाढले, म्हणून वाण प्रतिकारक्षम", आणि ते वाक्य बहुधा टिकत नाही.

पुसा सावनी आणि परभणी क्रांती ही भेंडीच्या वाणांची जोडी घ्या. पुसा सावनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली तेव्हा हळद्याला बऱ्यापैकी तोंड देणारी म्हणून नावाजली होती. पुढे ती गुण गमावून बसली आणि आज प्रयोगात रोगाला बळी पडणारं वाण म्हणूनच लावतात. परभणी क्रांती परभणीच्या कृषी विद्यापीठाची, रानभेंडीच्या एका जातीशी संकर करून तयार केलेली. अनेक ठिकाणी तीही आता पिवळी पडलेली दिसते. पंचविसाव्या दिवशी दोन्हींची पानं आणली तर पेरॉक्सिडेज पुष्कळदा पुसा सावनीतच जास्त निघतं. पान म्हातारं होतंय, पेशी मरतायत, आणि त्या पडझडीतही पेरॉक्सिडेज चढतंच. प्रतिकार शोधायचा असेल तर किती वाढलं यापेक्षा कधी वाढलं हे बघावं लागतं. तोंड देणारं झाड पहिल्या काही दिवसांतच उठतं आणि मग खाली येतं. बळी पडणारं उशिरा चढतं आणि चढतच राहतं. संसर्गाच्या दिवसाला शून्य धरून शून्य, एक, तीन, पाच, सात, दहा, पंधरा, वीस या दिवसांचे आकडे नसतील तर हा फरक दिसत नाही. रानातून रोगट पान उचलून आणलं की त्याचा शून्य दिवस हरवलेला असतो. माझ्या मते या विषयातल्या निम्म्या विसंगतीचं मूळ तिथे आहे.

एन्झाइमं सुटी-सुटी वाचू नका. फेनिलॅलॅनिन अमोनिया लायेज फेनॉल तयार करण्याच्या वाटेवरची पहिली पायरी आहे. पेरॉक्सिडेज आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज तेच फेनॉल पुढे वापरतात; पेरॉक्सिडेज पेशीभिंतीत ती कडक करणारं लिग्निन बसवतं. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, कॅटॅलेज ते मोडतं. आता कॅटॅलेज घटलं तर ते झाडाचं अपयश म्हणायचं का? तंबाखूत सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे झाडाला संरक्षणाचा इशारा देणारं रसायन, कॅटॅलेजला जाऊन चिकटतं, असं १९९३ मध्ये दाखवलं गेलं. पेरॉक्साइड साठू देणं हा संरक्षणाचाच भाग असू शकतो, असा त्यातून अर्थ निघाला. त्यावर पुढे वादही झाले. घट हीसुद्धा बातमी असते, पण चांगली की वाईट ते बाकीच्या आकड्यांसोबतच ठरतं.

बीटा-१,३-ग्लुकॅनेज तर उलटंच वागतं. बुरशीची पेशीभिंत तोडतं म्हणून सगळे त्याला संरक्षक एन्झाइम म्हणतात. पण दोन पेशींमधल्या बारीक वाटांवर झाड कॅलोज नावाच्या पदार्थाचं बूच बसवतं आणि हे एन्झाइम तेच बूच विरघळवतं. ज्या तंबाखूत हे एन्झाइम कमी केलं होतं, तिथे विषाणूचा फैलाव मंदावला. म्हणजे विषाणूच्या बाबतीत ग्लुकॅनेज वाढलेलं दिसलं, तर "प्रतिकार वाढला" असं लिहिण्याआधी दोनदा विचार करा.

आणि ज्या एन्झाइमने खरोखर बेगोमोव्हायरस अडतो, ते आपल्या ग्वायकॉलच्या नळीत दिसतच नाही. टोमॅटोच्या पर्णगुच्छावर, म्हणजे वर म्हटलेल्या बोकड्यावर, रानटी टोमॅटोतून आणलेलं टीवाय-१ हे जनुक २०१३ मध्ये ओळखलं गेलं. ते आरएनएवरून आरएनए बनवणारं एक एन्झाइम निघालं. विषाणूच्या जनुकांवर मिथाइल या रासायनिक गटाची कुलपं लावून त्यांना गप्प करण्याच्या यंत्रणेत ते काम करतं. तिथे पेरॉक्सिडेज हा धूर म्हणायचा. धूर मोजण्यात चूक काही नाही, फक्त त्याला विस्तव म्हणू नये. प्रबंधात "सहसंबंध आढळला" लिहा, "कारण" लिहू नका. शिवाय एकूण क्रियेबरोबर नेटिव्ह जेल (एन्झाइमं जिवंत ठेवून वेगळी करणारं जेल) चालवून ग्वायकॉलने रंगवलीत तर कुठली आयसोएन्झाइमची, म्हणजे त्याच एन्झाइमच्या वेगळ्या रूपाची, पट्टी नव्याने उगवली ते दिसेल. रंगवायला बेंझिडीन वापरू नका, त्याने कर्करोग होतो. जुन्या वहीत लिहिलेलं असलं तरी नाही.

एक गोष्ट सोलापूरकरांनी विशेष लक्षात ठेवावी. तंबाखूतलं एन हे जनुक मोझॅक विषाणूला जागच्या जागी पेशी मारून रोखतं, पण साधारण २८ अंशांच्या वर तो प्रतिसादच उमटत नाही आणि विषाणू मोकळा पसरतो. थंडाव्यात परत आणलं की पसरलेल्या भागातल्या पेशी एकदम कोसळतात. भेंडीचा प्रतिकार वेगळ्या जनुकांचा आहे, तरी जाळीघराचं रोजचं कमाल-किमान तापमान नोंदवलं नाही, तर जानेवारीचा आणि एप्रिलचा निकाल शेजारी ठेवायचा कसा?

सीनेकाठचे काका एकदा वैतागून म्हणाले, "ताई, दर साली येऊन पानं तोडून न्हेताय. औशिद कवा सांगणार?" मी त्यांना खरं तेच सांगितलं. पिवळं झालेलं झाड फवारणीने परत हिरवं होत नाही. सॅलिसिलिक आम्लासारख्या फवारणीने ही एन्झाइमं वाढतात, पण एन्झाइम वाढलं म्हणजे रोग गेला, असं होत नाही. पहिल्या महिन्यात पिवळं दिसलेलं झाड लगेच उपटून गाडा, पिवळे चिकट सापळे लावा, जुनी भेंडी उभी असताना तिच्या कडेला नवी टोकू नका, भोवती मक्याच्या दोन-तीन ओळी घ्या. काकांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या आठवड्यात आमच्या फीत बांधलेल्या रोगट झाडांसकट सगळी उपटून टाकली. त्यांचं काही चुकलं नाही.

तेव्हापासून झाडं कुंड्यांत, कॉलेजच्या जाळीघरात. काकांच्या रानातून फक्त विषाणूसाठी एखादी रोगट फांदी येते. या वर्षी दोन्ही वाणांच्या तिन्ही गटांत बारा-बारा झाडं आहेत, दारात कमाल-किमान तापमापी टांगलाय, फ्रीझरमध्ये नाणं वर आहे. शून्य दिवसाची पानं सोमवारी सकाळी सातला तोडायची आहेत. ज्यांना बघायचंय त्यांनी पावणेसातला यावं.